वैजनाथचा पाय

वैजनाथ पायाळू होता, आणि चोपन्न वर्षांत ही गोष्ट त्यानं कुणाला विसरू दिली नव्हती. सगळं जग आईच्या पोटातून डोक्यानं बाहेर येतं, हा आला पायांनी. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते, लचकलेला पाय सरळ होतो, हे कर्जत तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं सकाळी त्याच्या ओट्यावर कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून कण्हत बसलेलं असायचंच. वैजनाथ चहा पिऊन सावकाश बाहेर यायचा, आलेल्याला पालथं झोपवायचा आणि उजव्या पायानं तीनदा दाबायचा. पैसे घ्यायचा नाही, घेतले तर गुण जातो. मान मात्र पुरेपूर वसूल करायचा. लग्नात त्याला पुढची खुर्ची, पंगतीत आधी त्याचं ताट, आणि आभाळ कडाडू लागलं की पायाळूवर वीज पडते म्हणून चार माणसं त्याला हाताला धरून घरात नेणार. आपल्या पायावर इतका जीव असलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

तोच वैजनाथ यंदाच्या फेब्रुवारीत नगरच्या एका दवाखान्यात, आयसीयूच्या दाराबाहेर चपला काढून उभा होता. आत त्याचा एकुलता मुलगा पार्थ होता. वय सव्वीस. सुप्याला कंपनीत नोकरी, दारू नाही, तंबाखू नाही, रविवारी क्रिकेट. कामावर छातीत कळ आली तेव्हा सोबतच्या पोरांनी पित्त म्हणून सोडा पाजला. अर्ध्या तासानं तो घामानं निथळत खाली बसला, तेव्हा कुठं त्यांना शहाणपण सुचलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी वैजनाथला आणि त्याच्या बायकोला, मंदाला, खोलीत बसवून घेतलं. हार्ट अटॅक होता, वेळेत आणलं, आता जिवाचा धोका नाही, असं आधी सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "पण मला एक कळत नाही. याच्या हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत. चरबी नाही, काही नाही. नुसती रक्ताची गुठळी होऊन अडकली. या वयात असं झालं की आम्ही घराण्याची चौकशी करतो. तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? छातीत दुखून, दम लागून, पाय सुजून?"

"न्हाई," वैजनाथ म्हणाला.

मंदानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती टेबलावरच्या कागदांकडं पाहत बसली. तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी 'नाही' असं लिहून घेतलं.

पार्थ घरी आला, गोळ्या सुरू झाल्या. रक्ताच्या तपासण्या मागाहून, दोनदा झाल्या, एकदा वैजनाथचंही रक्त काढलं. एप्रिलमध्ये तिघं पुन्हा त्याच खोलीत बसले होते.

"सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त गोठणं जसं गरजेचं, तसं ते वेळेवर थांबणंही गरजेचं. थांबवणारा एक पदार्थ आपल्या रक्तातच असतो. तो तुमच्या घराण्यात जन्मतःच कमी आहे. पार्थच्या रक्तात कमी आहे आणि बाबा, तुमच्याही. तुम्हाला आजवर त्रास झाला नाही, हे तुमचं नशीब. असं रक्त असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी. त्यामुळं भाऊ, बहिणी, त्यांची मुलं, सगळ्यांना तपासायला सांगा. पोटुशी बाई कुणी असेल तर तिला सगळ्यात आधी, कारण त्या दिवसांत रक्त तसंही गोठायला टेकलेलं असतं. एक पाय सुजला, गरम लागला, तर अंगावर काढायचं नाही. आणि तो चोळायचा किंवा दाबायचा तर मुळीच नाही. दाबला की गुठळी सुटते आणि फुप्फुसात जाऊन बसते. माणूस बघता बघता जातो."

वैजनाथनं खुर्चीखाली पाय ओढून घेतले. ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

"ह्यांचा भाऊ गेलाय, मॅडम," मंदा एकदम म्हणाली. "मच्छिंद्र. अठ्ठावीस वर्षांचा हुता. पायच सुजला हुता."

डॉक्टरीणबाईंनी फाइल मागं उलटली आणि वैजनाथकडं पाहिलं. "तुम्ही नाही म्हणाला होतात."

पोराच्या वयाच्या बाईपुढं, पोराच्या देखत त्याची मान खाली गेली, ती वर येईना. लाज म्हणजे काय ते तो चोपन्न वर्षं दुसऱ्यांना शिकवत आला होता, त्या दिवशी ती त्याच्या वाट्याला आली.

"त्यांना मुलं?"

"एक मुलगी," पार्थ म्हणाला. "निकिता. बाळंतपणाला बनूकाकीकडं राजूरला आलीय. लहानपनानंतर मी कधी भेटलो न्हाई, पर तिच्या डोहाळजेवणाचा फोटो बघितलाय मोबाईलवर. सातवा लागलाय तिला."

डॉक्टरीणबाईंनी लगेच चिठ्ठी लिहिली, रिपोर्टची प्रत जोडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून वैजनाथच्या हातात दिली. "दोन-चार दिवसांत पोचवा. हसण्यावारी नेऊ नका."

बाहेर आल्याबरोबर पार्थनं मोबाईल काढला. "मी मेसेज टाकतो तिला."

"मोबाईलवर सांगायची गोष्ट हाय का ही?" वैजनाथ खेकसला. "पोटुशी पोर, घाबरून जाईल. वडीलधाऱ्यानं समोर बसून सांगितलं पायजे. मी जातो."

बोलणं शहाण्यासारखं होतं, म्हणून पार्थनं ऐकलं. पण वैजनाथला पोरीच्या भिण्याची काळजी नव्हती. राजूरला मच्छिंद्रची बायको बनू होती, आणि मेसेजला उत्तर म्हणून ती पार्थला काय काय सांगेल, याची त्याला धास्ती होती.

मग तो जाईना. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. तिसऱ्या दिवशी कांदा भरायचा होता. मग एका चुलत्याचं वर्षश्राद्ध, मग मोटार जळाली, मग त्याचंच अंग कसकसलं. न कर्त्याचा वार शनिवार म्हणतात तसं झालं. मधल्या काळात ओट्यावर उसणीचे दोघे येऊन गेले, त्यांना त्यानं पाय लावला, पण पहिल्यांदाच, तीनदाच्या जागी एकदाच दाबून उठवलं. पार्थ रोज जेवताना एकच विचारायचा, "अण्णा, गेल्ता का?" नवव्या दिवशी सकाळी पार्थ बूट घालून, पाठीवर बॅग लावून दारात उभा राहिला. "तुमी बसा. मीच जातो."

हृदयावर घाव बसलेलं पोर सहा-सात तास एसटीचे धक्के खात जाणार म्हटल्यावर वैजनाथनं त्याच्या पाठीवरची बॅग काढून घेतली. मंदाला म्हणाला, "तूबी चल."

"मी येत न्हाई," ती म्हणाली. "मच्छिंद्रभावजी गेले तवा मी माहेरी हुते. मला सगळं ठाऊक हाय असं न्हाई. पर काईच ठाऊक न्हाई असंबी न्हाई. तुमचं तुमी निस्तरा."

कर्जतहून नगर, नगरहून संगमनेर, तिथून अकोले. खिडकीशी बसून वैजनाथ मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून होता. बावीस वर्षं त्यानं जे आठवायचं टाळलं होतं, ते आता टाळता येईना.

मच्छिंद्र टेम्पो चालवायचा. त्या खेपेला कांदा घेऊन सुरतेला गेला, तीन दिवस बैठक मोडली नाही, आणि घरी आला तो डावा पाय ओढतच. पोटरी टम्म फुगलेली, कातडी चकाकत होती. वैजनाथनं पाहिलं आणि म्हणाला, लचकलाय, झोप पालथा. तेव्हा बनू मधे पडली. चोविशीतली पोर, कडेवर दोन वर्षांची निकिता. "भावजी, हा लचकलेला पाय न्हाई. हात लावला तर चटका बसतोय. नका दाबू. सकाळी कर्जतला डॉक्टरला दाखवू."

दहा गावची माणसं ज्याच्या पायासाठी ओट्यावर बसून राहतात, त्याला घरची भावजय डॉक्टर सांगते. वैजनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू आत जा आनि चहा टाक," तो म्हणाला. ती आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला तसा त्यानं भावाला पालथं घातलं आणि पोटरीवर पाय दिला. तीनदा द्यायचा असतो. रागाच्या भरात त्यानं किती वेळा दिला हे त्यानं मोजलं नाही. मच्छिंद्रनं ओठ चावून सहन केलं, कारण थोरला भाऊ होता. मग उठून बसत म्हणाला, "बरं वाटतंय, दादा." बनू कपबशा घेऊन बाहेर आली, तिनं पोटरीवर उमटलेली लाली पाहिली, आणि चहा पुढं केला.

सकाळी तोंड धुवायला उठलेला मच्छिंद्र छातीवर हात ठेवून मटकन खाली बसला. श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं.

एवढंच असतं तर ते अडाणीपण म्हणून खपलं असतं. दहाव्याला नदीवरून आलेली माणसं ओट्यावर टेकली होती, आणि कुणीतरी सहज बोललं, "पायाळू भाऊ घरात असून असं कसं झालं म्हनायचं?" सगळ्यांच्या माना वैजनाथकडं वळल्या. त्याच्या तोंडून वाक्य निघून गेलं, "मला पाय लावू दिला कुठं हिनं? डाक्टर डाक्टर करीत बसली."

बनू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "भावजी, तुमी लावला की पाय." एवढंच. वैजनाथ गप्प राहिला. मग त्याची आई, छबूबाई, उसळली. "मेल्या नवऱ्याच्या भावावर आळ घेती, पांढऱ्या पायाची! हिनं हात आडवा केला म्हनून माझा लेक गेला." महिन्याभरात बनू लेकीला घेऊन माहेरी गेली. तिथं भावजया राहू देईनात, म्हणून राजूरच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली. निकिताच्या लग्नाची पत्रिका आली होती, ती वैजनाथनं न उघडता कपाटात टाकली. छबूबाई सहा वर्षांपूर्वी गेली, ती सुनेला शिव्या देतच.

राजूरला उतरला तेव्हा दुपार झाली होती. शाळेच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. एका बाईनं बोट दाखवलेल्या दारात तो उभा राहिला. आत खाटेवर एक पोर उशीवर डावा पाय टाकून आडवी झाली होती. हनुवटी मच्छिंद्रची, कपाळ मच्छिंद्रचं.

"कोन पायजे?"

"मी वैजनाथ. तुझा चुलता. कर्जतकडून आलोय."

ती गडबडीनं उठली. "मोठे काका? या की आत. आई पोरांच्या भाकरी थापती हाय, येईलच आता." लंगडत तिनं पाणी आणलं, आणि त्यानं तांब्या घेतल्यावर पोट सावरत त्याच्या पाया पडायला वाकली. वैजनाथ झटकन मागं सरला. पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"नको बाई, वाकू नको तू."

"आई लई सांगायची तुमचं," ती खाटेवर बसत म्हणाली. "तिकडची मानसं वाईट न्हाईत, लांब हायती एवढंच, म्हनायची. लहानपनी मला वाटायचं तुमच्या पायात जादू हाय."

बनूनं लेकीला हे सांगितलं होतं. वैजनाथला वाटलं, तिनं आपल्या नावानं बोटं मोडून पोर वाढवली असती तर आज इथं उभं राहणं सोपं गेलं असतं. त्यानं पिशवीची गाठ सोडायला घेतली. आता कागद काढायचा, रक्ताचं सांगायचं, बाकीचं काही बोलायचं नाही, असा त्याचा बेत होता. भावाचा पाय आपण तुडवल्याचं कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"आनि बगा, योग कसा असतो," निकिता म्हणाली. "परवापासनं हा पाय सुजलाय. शेजारच्या बाया म्हनत्यात, पोटुशीला सूज येतीच. आई उद्या रजा काढून दवाखान्यात न्हेनार हाय. पर आता तुमी आलाच हायत तर लावा की तुमचा पाय. ह्ये एवढं आवघडलेलं तरी मोकळं हुईल."

तिनं परकर जरा वर घेतला आणि पाय त्याच्यापुढं केला. उजवा पाय साधा होता. डाव्याची पोटरी टम्म फुगली होती, कातडी ताणून चकाकत होती.

वैजनाथ पाय मांडीखाली घेऊन जमिनीवर बसला.

"न्हाई," तो म्हणाला.

"का वो? राग आला का? मी सोताहून मागितलं म्हनून?"

"त्या पायाला हात लावू नको. कुनाला लावू देऊ नको." तो तिच्या पोटरीकडं बघत बोलत होता. "तुझ्या बापाचा पाय असाच हुता. तुझी आई नको म्हनत हुती. मी तिला चहाला धाडलं आनि ह्या पायानं तो तुडवला. दुसऱ्या दिवशी गेला तो. मी मारला त्याला, निकिता. आनि गावाला सांगितलं, हिनं पाय लावू दिला न्हाई म्हनून गेला."

पोरीचा चेहरा कोरा झाला. ती त्याच्या डोक्यावरून दाराकडं पाहत होती. वैजनाथनं वळून पाहिलं. बनू दारात उभी होती. केस पांढरे झालेले, कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. ती कधी आली होती कुणास ठाऊक. त्यानं तिच्याकडं पिशवी पुढं केली आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं घाईघाईनं सांगितलं, घराण्याचं रक्त, पार्थचं हृदय, पोटुशा बाईला असलेला धोका. बनूनं कागदाला हात लावला नाही. ती लेकीच्या पायाकडं बघत होती. मग साडीला हात पुसले आणि म्हणाली, "गाडी बगा. खालच्या अंगाला मास्तरांची हाय. माझं नाव सांगा."

संगमनेरला एका दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली. गुठळी होती, मांडीपर्यंत चढली होती. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी नगरची चिठ्ठी दोनदा वाचली आणि लगेच पोटात इंजेक्शन द्यायला सांगितलं. आता रोज दोनदा, बाळंत होईपर्यंत आणि पुढंही. बाळाचे ठोके चांगले होते. "वेळेत आलात असंच म्हणायचं," ते म्हणाले, मग तारीख पाहून थांबले. "हा रिपोर्ट नऊ दिवसांपूर्वीचा आहे?"

"व्हय," वैजनाथ म्हणाला.

"मग आधी का नाही आणलात? सूज यायच्या आधी कळलं असतं तर गुठळी होऊच दिली नसती आपण."

अमावास्या, कांदा, मोटार, सगळं त्याच्या जिभेवर आलं. "मला लाज वाटत हुती," तो म्हणाला. डॉक्टरांना ते उत्तर कळलं नाही. बनूला कळलं.

निकिता आत झोपली होती. बाहेरच्या बाकड्यावर बनू एका टोकाला बसली, वैजनाथ दुसऱ्या. शेवटी त्यानंच तोंड उघडलं. "बनू, मी तुझ्या पाया पडायच्या लायकीचाबी न्हाई."

"पडूबी नका," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगितलं हुतं का? जायच्या आधी?"

"न्हाई."

"म्हंजे मला शिव्या देतच गेल्या."

बनू हातावरचं वाळलेलं पीठ नखानं काढत होती. मग समोर बघत म्हणाली, "मी बावीस वर्षं एकच इचार करती, भावजी. तुमी चहा टाक म्हनला आनि मी उठले. कळत हुतं मला, मी आत गेले की तुमी पाय लावनार. तरीबी उठले. तिथंच बसून ऱ्हायले असते तर ते आज असते. रोज भाकरी थापताना हेच डोक्यात. तुमच्या खोट्याचं मला काय वाटलं न्हाई एवढं त्या चहाचं वाटतंय."

वैजनाथनं तिच्याकडं पाहिलं. तिला वनवास झाला, तिची अब्रू गेली, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला लाज होती. पण त्यानं केलेल्या कामाचा दोष ती इतकी वर्षं स्वतःकडं घेऊन बसली असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं चहाला धाडलं, ती गेली, आणि त्याची शिक्षा ती रोज भाकरी थापताना भोगत होती. त्याला ओक्साबोक्शी रडू आलं. बनूनं त्याला गप्प केलं नाही की पाणी दिलं नाही.

"मी काय करू, ते तू सांग," तो म्हणाला.

"मला काय सांगताय, मला ठाऊकच हुतं. जिथं खोटं बोललात तिथं सांगा."

वैजनाथनं डोळे पुसले आणि मोबाईल काढला. भावकीचा एक ग्रुप होता, सव्वाशे माणसांचा. रोज सकाळी त्यावर देवाचे फोटो यायचे. त्याला लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून त्यानं बोलायचं बटण दाबून धरलं. "मी वैजनाथ बोलतोय. आपल्या घराण्याच्या रक्तात दोष हाय, डॉक्टरांनी कागद दिलाय. समद्यांनी तपासून घ्या. पार्थला हार्ट अटॅक त्यानंच आला हुता. मच्छिंद्रबी त्यानंच गेला. पर नुसता त्यानं न्हाई. बनू नको म्हनत असताना त्याचा सुजलेला पाय मी तुडवला. तिनं मला आडवलं हुतं, मी ऐकलं न्हाई, आनि दहाव्याला तुमच्यापुढं खोटं बोललो. ती निर्दोष हाय. आजपासनं माझ्या ओट्यावर कुनी येऊ नका."

एकानं न ऐकताच हात जोडलेलं चित्र टाकलं. मग त्याचा चुलतभाऊ बजरंग, गावात वयानं त्याच्यानंतरचा, त्याचं बोलणं आलं. वैजनाथनं दाबलं, आणि ते मोठ्यानं वाजलं.

"वैजादादा, तू राजूरला गेलायस का? तिच्या घरचं पानी-बिनी पिलास का? तिनं तुला भुलवलाय. मच्छिंद्राला खाल्ला, आता तुझ्या तोंडून सोताचं नाव धुवून घेती. तुझ्या पायाचा गुन आमी डोळ्यानं बगितलाय. तू घरी ये आदी, मग बगू."

खाली लगेच तिघांनी होकाराचे अंगठे टाकले. वैजनाथनं मोबाईल पालथा घातला, पण ऐकायचं ते बनूनं ऐकलं होतं. त्याच्या एका वाक्यानं गावात घर केलं होतं. ते आता त्याचं राहिलं नव्हतं, आणि त्याच्या सांगण्यानं बाहेर पडायला तयार नव्हतं. आपल्या शब्दाला इतका मान असल्याची त्याला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"जाऊ द्या," बनू म्हणाली. "मला त्यात नवं काय न्हाई. रक्त तपासायला तरी जातील का, ते इचारा. बजरंगभावजींच्या दोन्ही लेकी पोटुशा हायत, ऐकलंय मी."

वैजनाथनं मोबाईल सरळ केला आणि पुन्हा बटण दाबलं. "बजरंग, पिलो. तिच्या लेकीच्या हातचं पानी पिलो. आता नीट ऐक, पुन्यांदा सांगतो. मच्छिंद्र पालथा झोपला हुता, बनू आत चहा टाकत हुती, आनि मी..." आतून नर्स बाहेर आली आणि पेशंट झोपलेत, हळू बोला, म्हणाली. वैजनाथनं मान हलवली, पण आवाज काही खाली आला नाही.